पाइनहर्स्टचा ‘द क्रेडल’: ७८९ यार्डांचा गोल्फ कोर्स का चालतो आणि कुठे अडतो

अमेरिकेत नॉर्थ कॅरोलायनातल्या पाइनहर्स्ट रिसॉर्टमध्ये ‘द क्रेडल’ नावाचा नऊ होलचा गोल्फ कोर्स आहे. होल म्हणजे पहिल्या फटक्याच्या जागेपासून (टी) झेंड्याजवळच्या खळग्यापर्यंतचा टप्पा. नऊही होल पार-३, म्हणजे तीन फटक्यांत संपावेत असे. सगळ्यात आखूड होल ५६ यार्डांचा, सगळ्यात लांब १२७ यार्डांचा. सगळे मिळून ७८९ यार्ड, म्हणजे साधारण ७२० मीटर. जागा दहा एकर. २०१७ च्या सप्टेंबरमध्ये तो उघडला. आराखडा गिल हॅन्स आणि त्यांचे भागीदार जिम वॅग्नर यांचा. रिओ ऑलिंपिकचा कोर्स आखणारे हॅन्स ते हेच.

निकाल आधीच सांगून टाकतो. रॅली, केरी, मॉरिसव्हिल या पट्ट्यात राहणाऱ्या आणि गोल्फला कधी हात न लावलेल्या मराठी कुटुंबाने पहिल्यांदा खेळायला कुठे जावं, याचं सगळ्यात चांगलं उत्तर हा कोर्स आहे. गाडीने सव्वा ते दीड तास लागतो. आणि वर्षानुवर्षं खेळणाऱ्या, हँडिकॅप (खेळाच्या कसाचा आकडा, जितका कमी तितका खेळाडू चांगला) एक आकडी असलेल्या माणसालाही इथे कंटाळा येत नाही. ही दोन माणसं एकाच मैदानावर एकाच वेळी रमणं ही गोल्फमध्ये फार दुर्मीळ गोष्ट आहे. ती इथे कशी जमली हे सविस्तर पाहण्यासारखं आहे, कारण छोटे कोर्स जगभर बांधले जातात आणि त्यांतले बरेचसे रटाळ होतात.

ते रटाळ का होतात? मोठे कोर्स आखून झाल्यावर उरलेला तुकडा छोट्या कोर्सला मिळतो. पार्किंगच्या मागची किंवा पाण्याच्या टाकीजवळची सपाट जागा. त्यावर ताटासारखी गोल, सपाट ग्रीन (झेंड्याभोवतीची बारीक कापलेल्या गवताची जागा), टीवर प्लॅस्टिकच्या चटया आणि दारात ‘शिकाऊंसाठी’ अशी पाटी. शिकाऊ माणसालाही कळतं की आपल्याला खऱ्या गोष्टीच्या बाहेर बसवलंय. तो दोनदा येतो, तिसऱ्यांदा येत नाही.

पाइनहर्स्टने पहिली चाल इथेच बदलली. क्रेडलला त्यांनी क्लबहाउससमोरची, पूर्वी मोठ्या कोर्सच्या होलसाठी वापरात असलेली मोक्याची जमीन दिली. १८९८ मध्ये पाइनहर्स्टात गोल्फ सुरू झालं ते याच परिसरात. व्हरांड्यात बसलेल्या माणसाला समोर क्रेडलवर खेळणारी मुलं, आजोबा, चार मैत्रिणींचा घोळका दिसतो. यापेक्षा प्रभावी जाहिरात कुठली करणार? मोठे कोर्स झाडांच्या आड जातात; तिथे दुसऱ्या होलच्या पुढे काय चाललंय ते कोणाला दिसत नाही. छोटा कोर्स समोर मांडता येतो आणि तो समोर मांडायलाच हवा.

आता मैदानाकडे वळू.

९० यार्डांवरून वेजने (चेंडू उंच उडवणाऱ्या क्लबने, म्हणजे गोल्फच्या काठीने) मारलेला चेंडू उंच जातो, जवळजवळ उभा खाली येतो आणि पडतो तिथेच थबकतो. ग्रीन सपाट असेल तर बऱ्या खेळाडूला नऊ वेळा तेच करायचंय आणि नवख्याला नऊ वेळा तेच जमत नाहीये. म्हणून छोट्या कोर्सची सगळी गंमत ग्रीनच्या उतारांमध्ये आणि ग्रीनभोवतीच्या जमिनीत भरावी लागते. लांबी काढून घेतली की आराखडाकाराच्या हातात दुसरं काही उरत नाही. हॅन्स-वॅग्नर यांनी ग्रीनना कुठे पाठीवरून आत वळणारे उतार दिले, कुठे कडेने बाहेर लोटणारे, कुठे मधोमध उंचवटा. झेंडा आज डावीकडे, उद्या उजवीकडे गेला की तोच होल वेगळा वागतो. झेंडा उताराच्या पायथ्याशी असेल तर त्याच्या दहा पावलं वर चेंडू टाकून घरंगळू देणं हा शहाणपणाचा फटका. झेंडा उंचवट्यावर असेल तर तोच फटका चेंडूला ग्रीनबाहेर घेऊन जातो.

तिसरा होल सगळ्यांच्या तोंडी असतो, कारण त्याचं ग्रीन कढईसारखं आहे. चेंडू कडेला पडला तरी मध्याकडे ओघळत येतो, आणि म्हणून तिथे एका फटक्यात होल होण्याचे प्रसंग घडत राहतात. काही जुन्या मंडळींना हे स्वस्तातलं यश वाटतं. ते मत पटत नाही. उताराचा अंदाज घेऊन चेंडू योग्य कडेला टाकणं हे कौशल्यच आहे. शिवाय दहा वर्षांच्या मुलीचा चेंडू कडेवरून वळून झेंड्याच्या दिशेने निघतो तेव्हा टीवरचे अनोळखी लोकही ओरडायला लागतात. हा क्षण ४५० यार्डांच्या होलवर तिच्या वाट्याला आला नसता.

इथे जमिनीचाही मोठा वाटा आहे. पाइनहर्स्ट सँडहिल्स पट्ट्यात येतं. खाली जाड वाळू आहे. पाऊस थांबला की पाणी झिरपतं, जमीन टणक राहते आणि टणक जमिनीवर चेंडू धावतो. ज्याला चेंडू हवेत उडवताच येत नाही त्यालाही तो जमिनीवरून ग्रीनपर्यंत पोहोचवता येतो. साधारण कोर्सवर टी आणि ग्रीन यांच्यामध्ये तळं किंवा उंच गवत असतं आणि नवख्याचा खेळ तिथेच संपतो. क्रेडलवर मधल्या जागेत उघडी वाळू आणि वायरग्रास या रानगवताचे झुबके आहेत. तिथून चेंडू सापडतो आणि मारताही येतो. हाच रंग शेजारच्या नंबर २ कोर्सचाही आहे. डोनाल्ड रॉस यांनी आखलेल्या १९०७ च्या या कोर्सवर १९९९, २००५, २०१४ आणि २०२४ मध्ये गोल्फची यूएस ओपन झाली. २०१०-११ मध्ये बिल कूर आणि बेन क्रेनशॉ या आराखडाकारांनी तिथलं सुमारे ३५ एकर लावलेलं गवत काढून मूळची वाळू उघडी केली आणि पाण्याच्या फवाऱ्यांची संख्या ११५० वरून साधारण ४५० वर आणली. क्रेडलला हा वारसा तयार मिळाला. कमी पाणी, कमी कापणी, आणि तरीही दिसायला मोठ्या भावाचाच चेहरा. छोट्या कोर्सच्या विक्रीत ही बाब निर्णायक ठरते. पाहुण्याला वाटलं पाहिजे की आपण पाइनहर्स्टातच खेळलो, त्याच्या बालवाडीत नव्हे.

दहा एकरांत नऊ होल बसवताना खरी डोकेदुखी सुरक्षिततेची असते. आराखडाकार टीपासून लक्ष्यरेषेच्या दोन्ही बाजूंना साधारण १५ अंशांचा कोन धरून चुकलेले फटके त्यात येतील असं मानतात. त्या कोनाने २५० यार्डांवर चेंडू ६७ यार्ड बाजूला जाऊ शकतो; १०० यार्डांवर २७ यार्ड. म्हणजे फटका आखूड असला की धोक्याचा पट्टाही अरुंद होतो आणि होल जवळजवळ मांडता येतात. मात्र वेजच्या शँकला हा हिशेब लागू नाही. क्लबची दांडी पात्याला जिथे जुळते त्या भागाला लागलेला चेंडू उजवीकडे जवळजवळ काटकोनात सुटतो. म्हणून छोट्या कोर्सवर पुढची टी आधीच्या होलच्या टीच्या उजव्या हाताला, तीही थोडी पुढे, कधीच ठेवू नये. टी ग्रीनच्या मागे किंवा डावीकडे हवी. कोणताही छोटा कोर्स पाहायला गेलात तर आधी हे तपासा. लहान मुलं घेऊन जाणाऱ्यांनी तर नक्कीच. आणि पालकांनी एक नियम पाळावा: खेळणाऱ्याच्या पुढे आणि उजवीकडे कोणी उभं राहायचं नाही.

टी हा दुसरा नाजूक भाग. मोठ्या कोर्सवर चौदा होलांवर ड्रायव्हर किंवा वुड हे लांब पल्ल्याचे क्लब चालतात आणि ते गवत खणत नाहीत. पार-३ वर प्रत्येक जण आयर्नने (धातूच्या पातळ पात्याच्या क्लबने) मारतो आणि हाताएवढा गवताचा तुकडा उडवतो. मैदान सांभाळणाऱ्यांचा रूढ ठोकताळा असा की वर्षाला दर हजार फेऱ्यांमागे पार-४ आणि पार-५ होलच्या टीला १०० चौरस फूट वापरण्याजोगी जागा लागते, पार-३ च्या टीला २०० चौरस फूट. समजा वर्षाला तीस हजार फेऱ्या होतात. मग प्रत्येक होलला सहा हजार चौरस फूट टी हवी. नऊ होलचे ५४ हजार चौरस फूट, म्हणजे सव्वा एकर. दहा एकरांतला आठवा हिस्सा नुसत्या टींना! जे मालक ‘छोटा कोर्स, छोटी टी’ असं मानतात त्यांच्या टी दुसऱ्या उन्हाळ्यात मातीच्या होतात आणि मग चटया येतात. क्रेडलवर गर्दीच्या हंगामात टीवर वाळूने भरलेले ठिगळांसारखे डाग दिसतातच. त्याला दोष म्हणता येणार नाही, ती दुरुस्ती आहे. गवत बर्म्युडा आहे, आपल्या शेताच्या बांधावरच्या हरळीच्याच कुळातलं. ते आडवं पसरतं, त्यामुळे खड्ड्यात वाळू भरली की उन्हाळ्यात कडेने धुमारे येऊन तो भाग बुजतो. खेळणाऱ्याने एवढंच करायचं: मारून झाल्यावर वाळू घालायची, पायाने सपाट करायची, कडेपेक्षा वर ढीग ठेवायचा नाही.

ग्रीनवर उलटी अडचण असते. उभा उतरणारा चेंडू खळी पाडतो, आणि छोट्या कोर्सवर नऊच्या नऊ ग्रीनवर प्रत्येकाचा चेंडू असाच उतरतो. दुरुस्तीसाठी दुशाखी काटा खळीच्या कडेबाहेर तिरपा खुपसायचा आणि गवत मध्याकडे ढकलायचं, चारही बाजूंनी. मग पटरच्या (ग्रीनवर चेंडू ढकलायच्या क्लबच्या) तळाने थोपटायचं. बहुतेक लोक काटा खळीखाली घालून माती वर उचकटतात. त्याने मुळं तुटतात आणि तो ठिपका आठवडाभर पिवळा राहतो. मुलांना हे काम द्या, ती मन लावून करतात.

वेळेबद्दल. पाइनहर्स्ट नऊ होलचा हा खेळ तासाभराचा म्हणून मांडतं आणि मैदान मोकळं असेल तर ते खरं आहे. गर्दी असेल तर नाही, आणि त्याचं कारण समजून घेण्यासारखं आहे. पार-४ वर एका वेळी दोन गट असू शकतात, एक ग्रीनवर आणि एक मागे फेअरवेवर (टी आणि ग्रीन यांच्यामधल्या कापलेल्या गवतावर). पार-३ वर पुढचा गट ग्रीन सोडेपर्यंत मागच्याला मारताच येत नाही. त्यामुळे सगळ्यात हळू खेळणारा गट पूर्ण मैदानाचा वेग ठरवतो. चार जण एक होल सात मिनिटांत संपवतात असं धरलं आणि दर दहा मिनिटांनी एक गट सोडला, तर तीन मिनिटं हाताशी राहतात. त्याच ठिकाणी सहा-आठ जणांचा गट सोडला तर एकाच ग्रीनवर बारा मिनिटं जातात आणि मागे रांग लागते. ती दिवसभर सुटत नाही. तिसऱ्या होलच्या टीवर दोन गट उभे दिसले तर पहिल्या टीवर घाई करू नका. शेजारच्या थिसल धू या अठरा होलच्या पटिंग कोर्सवर अर्धा तास घालवा आणि मग या.

तिकिटाचा आराखडाही मैदानाइतकाच विचारपूर्वक केलेला आहे. उघडला तेव्हा दर ५० डॉलर होता आणि तेवढ्यात दिवसभर हवं तितक्यांदा खेळता येत होतं. मोठ्यांसोबत आलेल्या मुलांना फी नव्हती. आजचा दर जाण्याआधी विचारून घ्या, पण मांडणीतली अक्कल पाहा. ५० डॉलर भागिले नऊ म्हणजे होलमागे साडेपाच डॉलर. असा हिशेब करणाऱ्याला हे महाग वाटेल, आणि गावच्या नगरपालिकेच्या कोर्सशी तुलना केली तर ते महाग आहेच. पण रिसॉर्टवर आलेला पाहुणा होल मोजत नाही, तास मोजतो. तीन रात्री राहणारा माणूस सकाळी अठरा होल खेळतो. दुपारी तीन वाजता तो मोकळा असतो आणि पुन्हा साडेचार तासांच्या फेरीला त्याच्या पायात बळ नसतं. पोहोचण्याच्या दिवशीची संध्याकाळ आणि निघण्याच्या दिवशीची सकाळही अशीच रिकामी जाते. क्रेडल नेमका हा रिकामा वेळ विकतो. त्याने मोठ्या कोर्सचं गिऱ्हाईक तोडलं नाही. न विकला जाणारा वेळ विकला. छोटा कोर्स बांधू पाहणाऱ्या कोणत्याही मालकाने हे आधी समजून घ्यावं. आपल्याकडे येणाऱ्या माणसाचे कोणते तास रिकामे आहेत ते शोधा, मग होलची संख्या ठरवा.

दिवसभराच्या तिकिटाला मर्यादा आहे. दहा मिनिटांनी चौघे म्हणजे तासाला २४ जण, दहा तासांत २४०. यापलीकडे मैदान घेऊच शकत नाही. तिकीट दिवसभराचं असेल तर दुसऱ्यांदा-तिसऱ्यांदा खेळणारा माणूस नवीन पैसे न देता नव्या पाहुण्याची जागा घेतो. सोमवारी हे परवडतं. वसंतातल्या शनिवारी परवडत नाही. ज्या कोर्सना राहत्या पाहुण्यांचा आधार नाही त्यांनी आठवड्याच्या कामाच्या दिवसांत दिवसभराचं आणि सुट्टीच्या दिवशी फेरीचं तिकीट ठेवणं बरं.

विपणनात पाइनहर्स्टने आणखी एक गोष्ट अचूक केली. नाव ठेवताना ‘पार-३ कोर्स’ किंवा ‘एक्झिक्युटिव्ह कोर्स’ हे शब्द टाळले. हे दोन्ही शब्द ऐकले की जुना गोल्फर मनातल्या मनात त्या जागेला खालच्या पायरीवर बसवतो. स्वतंत्र नाव, स्वतःचं चिन्ह असलेली टोपी, कोर्सच्या कडेला ‘पाइनकोन’ नावाची पेयांची जुन्या घाटाची चंदेरी गाडी, झाडाझुडपांत लावलेले संगीताचे स्पीकर. यातलं प्रत्येक पाऊल सांगतं की इथे शांत राहायची सक्ती नाही, गुण लिहायची सक्ती नाही. गोल्फच्या शिष्टाचाराला घाबरून दूर राहिलेल्या माणसासाठी हे दार उघडणं आहे.

आता इतर छोट्या कोर्सशी तुलना करू. ऑरेगनच्या समुद्रकाठी बँडन ड्यून्समध्ये २०१२ साली ‘बँडन प्रिझर्व्ह’ आला. आराखडा कूर-क्रेनशॉ यांचा. तिथे तेरा होल आहेत, १,६०९ यार्ड. जमिनीत तेराच चांगले होल सापडले म्हणून तेरा. नऊ किंवा अठराचा हट्ट नाही. निव्वळ उत्पन्न परिसर-संवर्धनाचं काम करणाऱ्या वाइल्ड रिव्हर्स कोस्ट अलायन्सकडे जातं, हीच त्याची सगळ्यात मोठी ओळख. गोल्फ म्हणून प्रिझर्व्ह क्रेडलपेक्षा सरस आहे. वारा आहे, समुद्र आहे, फटक्यांत जास्त वैविध्य आहे. पण नवख्याला, विशेषतः मुलांना, तिथल्या वाऱ्यात चेंडू हाताळणं जड जातं आणि तिथवर पोहोचणंही सोपं नाही. कॅलिफोर्नियात पेबल बीचवर टायगर वुड्स यांनी आखलेला नऊ होलचा ‘द हे’ २०२१ मध्ये उघडला. त्यातल्या एका होलवर पेबल बीचच्या प्रसिद्ध सातव्या होलची १०६ यार्डांची प्रतिकृती आहे, आणि होलच्या लांबींत तिथल्या स्पर्धांची वर्षं गुंफली आहेत. कल्पना विकायला झकास, पण मैदानावर प्रतिकृतीचं कौतुक पहिल्या फेरीपुरतंच टिकतं. क्रेडलचे होल कोणाची नक्कल नाहीत, त्यामुळे तिसऱ्या-चौथ्या फेरीतही नवे उतार सापडतात.

छोट्या कोर्सला हलकं मानणाऱ्यांनी थोडा इतिहासही आठवावा. स्कॉटलंडमधल्या सेंट अँड्र्यूजला पूर्वी फेरी २२ होलची होती. १७६४ मध्ये ती १८ झाली. १८६० ची पहिली (ब्रिटिश) ओपन स्पर्धा झाली तेव्हा प्रेस्टविकचा कोर्स बारा होलचा होता. त्यावर एका दिवसात तीन फेऱ्या घेतल्या. ऑगस्टा नॅशनलचा नऊ होलचा पार-३ कोर्स १९५८ चा आहे, आणि तिथल्या मास्टर्स या नामांकित स्पर्धेच्या आदल्या दिवशी त्यावर खेळाडू बायकामुलांना कॅडीचे (बॅग वाहणाऱ्या मदतनिसाचे) पांढरे डगले घालून फिरतात. छोट्या कोर्सची त्याहून मोठी जाहिरात टीव्हीवर आजवर झालेली नाही.

नोंदीच्या दृष्टीनेही आता अडथळा कमी झालाय. २०२४ पासून जागतिक हँडिकॅप पद्धतीत नऊ होलच्या कोर्सला रेटिंग (हँडिकॅप काढायला लागणारा कोर्सच्या अवघडपणाचा आकडा) मिळण्यासाठी लागणारी किमान लांबी १,५०० यार्डांवरून ७५० वर आली, अठरा होलसाठी ३,००० वरून १,५०० वर. क्रेडलचे ७८९ यार्ड या मर्यादेत बसतात. नवे छोटे कोर्स आखताना ७५० चा आकडा ध्यानात ठेवलेला बरा. सातशे वीस यार्डांवर थांबलेल्या कोर्सने तीन टी थोड्या मागे नेल्या की काम होतं.

आता खटकणाऱ्या गोष्टी. संगीत सगळ्यांना मानवेल असं नाही. पटिंग करताना कानाशी गिटार नको असेल तर सकाळी लवकरची वेळ घ्या. सावली कमी आहे. जुलै-ऑगस्टमध्ये दुपारी बारा ते चार तिथे मुलांना नेऊ नये. मार्चअखेर ते एप्रिलच्या मध्यापर्यंत पाइनच्या परागांची पिवळी भुकटी सगळीकडे पसरते. दम्याचा त्रास असणाऱ्यांनी तो काळ टाळावा. डिसेंबर ते फेब्रुवारी बर्म्युडा झोपी जातो, मैदान वाळक्या गवताच्या रंगाचं दिसतं. चेंडू मात्र तेव्हा अधिक धावतो आणि गर्दी नसते, त्यामुळे रंगाचं दुःख नसेल तर हा उत्तम काळ. सराव म्हणून याच्याकडे पाहणाऱ्यांचाही विरस होईल. १२७ यार्डांच्या पुढे काही नाही, म्हणजे लांब आयर्न, हायब्रिड, ड्रायव्हर सगळं बॅगेत पडून. एकदोन होल १७०-१८० यार्डांचे असते तर बऱ्या खेळाडूला एक वेगळा फटका मिळाला असता. पण त्यासाठी सुरक्षिततेचा पट्टा रुंद करावा लागला असता आणि दहा एकरांत सातच होल बसले असते. निवड योग्यच झाली आहे असं आमचं मत, तरी उणीव ती उणीव.

जाताना काय न्यावं? पटर, सँड वेज, पिचिंग वेज आणि आठ किंवा नऊ नंबरचं आयर्न. चार क्लब पुरतात, खांद्यावर पेन्सिल बॅग. बायका, मुलं आणि ज्यांचा फटका आखूड आहे त्यांनी सात नंबरचंही ठेवावं. कार्टची गरज नाही, ग्रीनपासून पुढची टी काही पावलांवर असते. ज्याने कधीच खेळलेलं नाही त्याच्यासाठी एकच फटका शिकवून ठेवा. आठ नंबरचं आयर्न, दोन्ही पाय जवळ, चेंडू उजव्या पायाच्या अंगठ्यासमोर, हात चेंडूच्या किंचित पुढे, आणि पटरसारखा झोका, मनगट न मोडता. चेंडू गुडघ्याएवढा उडतो आणि पुढे पळत राहतो. टणक जमिनीवर साठ-सत्तर यार्ड एवढ्यानेही कापता येतात. डावखुऱ्यांनी पाय उलटे समजावेत. चेंडू बंकरमध्ये (वाळूच्या खड्ड्यात) गेला आणि दोन फटक्यांत निघाला नाही तर हाताने उचलून बाहेर ठेवा. मागच्यांची रांग वाढवण्यापेक्षा ते बरं.

महाराष्ट्रात हे होईल का, असा प्रश्न वाचकांच्या मनात येणारच. आखूड कोर्स आपल्याला अगदी नवे नाहीत. मुंबईच्या विलिंग्डन क्लबचा अठरा होलचा कोर्स पार-६५ चा आहे, आणि सिडकोने खारघरच्या डोंगरपायथ्याशी सुरुवात अकरा होलनी केली होती. अठरा होलच्या कोर्सला सव्वाशे ते पावणेदोनशे एकर लागतात. दहा एकर म्हणजे चारशे गुंठे; शहराबाहेर हा आकडा निदान बोलण्याजोगा आहे. अडचण मातीची. देशावरची काळी माती पाणी धरून ठेवते. पावसाळ्यात ती चिकट, उन्हाळ्यात भेगाळलेली, आणि टणक, धावत्या जमिनीचा क्रेडलचा सगळा डाव तिथे फसतो. ग्रीन तरी मानक पद्धतीने बांधावी लागतील: तळाला निचऱ्याचे पाइप, त्यावर १०० मिलिमीटर खडीचा थर, त्यावर ३०० मिलिमीटर चाळलेली वाळू. सँडहिल्सला वाळू पायाखाली फुकट आहे, इथे ती विकत आणून वाहायची. पाण्याचा हिशेब त्या मानाने आवाक्यातला. दहातले सहा एकर भिजवले आणि आठवड्याला २५ मिलिमीटर दिलं तर सुमारे सहा लाख लिटर लागतात. हे पाणी प्रक्रिया केलेलं सांडपाणीच असलं पाहिजे. पिण्याच्या किंवा शेतीच्या पाण्यावर असं मैदान उभं करायचा कोणाला अधिकार नाही.

नोंदणीबद्दल शेवटचं. वसंत आणि शरद हे पाइनहर्स्टचे गर्दीचे हंगाम. तेव्हा राहत्या पाहुण्यांनीच वेळा भरलेल्या असू शकतात, म्हणून बाहेरून जाणाऱ्यांनी निघण्याआधी फोन करावा. मुलांसाठी छोटे क्लब भाड्याने मिळतात का, आजचं तिकीट फेरीचं की दिवसभराचं, आणि सहा जणांचा गट सोडतात का, हे तिन्ही त्याच फोनवर विचारून घ्या. शनिवारीच जायचं असेल तर सकाळची पहिली तासाभरातली वेळ मागा. ती नाही मिळाली तर दुपारी चारनंतरची.